रत्नागिरीतली एक घरगुती मेस आणि तिच्या पाटीवरचा शब्द

रत्नागिरीत मारुती मंदिर चौकाच्या मागच्या गल्ल्यांत ज्या घरगुती मेस चालतात, त्यांपैकी एकीविषयी हे लिहीत आहे. तिला नाव नाही. जांभ्याच्या गडग्याला टेकवलेल्या पत्र्यावर ‘घरगुती मेस, मासिक व एक वेळ’ एवढेच रंगवलेले आहे आणि ती चालवणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणतात. जेवणारे मुख्यतः बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले, बदलून आलेले बँक कर्मचारी आणि औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी असले, तरी वाटेने जाणाऱ्यालाही जागा असली की ताट मिळते. मुंबई-पुण्याकडून आलेले काही पाहुणे मात्र पाटी वाचून आधी हसून घेतात, कारण त्यांच्या रोजच्या इंग्रजीत मेस म्हणजे पसारा, घोळ, निस्तरता न येणारी भानगड.

तो अर्थ त्या शब्दाला फार उशिरा चिकटला. माझे मत असे की, या जागेत काय चांगले आहे आणि काय बिघडले आहे, हे त्या शब्दाच्या जुन्या अर्थांच्या आधारानेच नेमके सांगता येते, म्हणून परीक्षण लिहिताना थोडे मागे जावे लागत आहे. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. त्याच्या ‘मिस्सुस’ या रूपातून, पाठवलेले किंवा समोर मांडलेले अशा अर्थाने, जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेस’ हा शब्द झाला आणि १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला. मेसेज, मिशन आणि मिसाइल ही सगळी त्याच कुळातली भावंडे. इंग्रजीतला त्याचा पहिला अर्थ एका माणसापुढे वाढलेले अन्न, म्हणजे वाटा, असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात मिसर देशात योसेफ आपल्या भावांना जेवू घालतो, त्या प्रसंगी धाकट्या बन्यामीनाची मेस इतरांच्या पाचपट होती असे स्पष्ट म्हटले आहे. बायबलातल्याच एसावाने मसुरीच्या कालवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला, त्या व्यवहाराला इंग्रजीत ‘मेस ऑफ पॉटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. ते शब्द १६११ च्या मजकुरात सापडत नाहीत, आधीच्या १५६० च्या जिनीव्हा बायबलात प्रकरणाच्या मथळ्यात सापडतात. तिथेही मेस म्हणजे वाडगाभर आमटीच. एसावाने करून ठेवलेला घोळ हा वेगळा विषय.

वाटा या पहिल्या अर्थाने पाहिले तर काकींची मेस अव्वल आहे. ताटात दोन घडीच्या पोळ्या किंवा तांदळाची एक भाकरी, एक सुकी भाजी, आमटी किंवा कालवण, भात, लोणचे आणि सोलकढी असते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. बाकीच्या दिवशी वालाचे बिरडे, काळ्या वाटाण्याची उसळ, कच्च्या फणसाची भाजी असे फिरते असते. मला सर्वांत आवडले ते बांगड्याचे तिखले. खोबऱ्याचा मारा करून मासळीची चव बुजवण्याची जी खोड रस्त्यालगतच्या हॉटेलांना लागली आहे, तिचा इथे मागमूस नाही. वाटण बेताचे, आंबटपणाला आमसूल, आणि तिरफळे बी काढून किंचित ठेचून बांगडा शिजत आला की टाकलेली. त्यामुळे पहिला घास संपल्यावर जिभेच्या टोकाला जी बारीक झिणझिणी येते, ती पुढच्या भातापर्यंत टिकते. तुकडे काकी स्वतःच्या हाताने वाढतात. कोणाला डोके, कोणाला शेपटी आणि कोणाला मधला तुकडा, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते, आणि बन्यामीनाचा न्याय इथेही चालतो. घर सोडून नुकत्याच आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोराच्या ताटात मधला तुकडा पडतो आणि बँकेतल्या साहेबांच्या वाट्याला शेपटी येते. साहेबांनी त्यावर कुरकुर केली तेव्हा ‘तुमचं वाढीचं वय सरलं, भाऊ’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवलेल्या असतात, आणि मेसचे ताट सुकट, सोडे, सुका बांगडा, टाकळ्याची भाजी आणि कुळथाची पिठी यांवर येते. बर्फातली जुनी सुरमई ताजी म्हणून खपवण्याचा प्रकार इथे होत नाही. बाहेरगावच्या मुलांची या दिवसांत तोंडे वाकडी होतात. माझ्या मते मात्र सोड्यांची आमटी आणि ऊनऊन भात हे या मेसचे वर्षातले सर्वोत्तम जेवण आहे.

इंग्रजीत पुढे हा शब्द ताटावरून ताटाभोवतीच्या माणसांवर सरकला. मोठ्या जेवणावळीत काही जणांना मिळून एक भांडे येई, आणि त्या भांड्यातून जेवणाऱ्या टोळक्यालाच मेस म्हणू लागले. हे टोळके बहुधा चौघांचे असे. लंडनच्या ज्या जुन्या संस्थांत बॅरिस्टर घडतात, त्यांच्या औपचारिक भोजनांत चौघांची एक मेस मांडण्याची पद्धत टिकून आहे. आणि शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत तीन प्रेमवेड्यांचे बिंग फुटते तेव्हा चौथा कबूल करतो की, मेस पुरी व्हायला तुम्हा तिघा मूर्खांना माझीच कमतरता होती. त्या काळच्या प्रेक्षकाला मेस म्हणजे चौघे हे सांगावे लागत नव्हते.

काकींच्या पडवीतली टेबलेही चौघांचीच आहेत. त्यांना बॅरिस्टरांची रीत ठाऊक असण्याचे कारण नाही. पडवीची रुंदी तेवढीच आहे. पण परिणाम तोच झाला आहे. मासळी सोडली तर काहीही ताटात वाढले जात नाही. आमटीचे पातेले आणि भाताची परात टेबलाच्या मधोमध येते आणि चौघांनी आपापसांत घ्यायचे असते. शेजाऱ्याचे झाले का, हे पाहिल्याशिवाय दुसरा डाव उचलणारा मुलगा इथे आठवडाभरात सरळ होतो. एक वेळच्या पाहुण्यालाही वेगळे टेबल मिळत नाही. जिथे तिघे असतील तिथे त्याला चौथा म्हणून बसवतात. सहकुटुंब आलेल्या काही पर्यटकांना हे रुचत नाही आणि ते उठून जातात. मला ही सक्ती योग्य वाटते. कोणत्या दिवशी कोलंबी येते, कोणत्या दिवशी आमटी पातळ होते आणि पोळी गरम हवी असेल तर किती वाजता यावे, ही माहिती पाटीवर नसते, शेजारी बसलेल्या जुन्या मेंबरकडे असते.

या टोळक्याच्या अर्थाने हा शब्द सर्वाधिक रुजला तो लष्करात आणि जहाजांवर. ब्रिटिश आरमाराच्या शिडांच्या युद्धनौकांवर दोन तोफांच्या मधल्या जागेत टेबल टांगलेले असे, त्याभोवती सहा-आठ खलाशांची एक मेस बसे, आणि त्यांतला एक जण पाळीपाळीने भटारखान्यातून सगळ्यांचे अन्न आणी. कोणाबरोबर जेवायचे हे खलाशी स्वतः ठरवत, आणि पटले नाही तर महिन्याच्या सुरुवातीला परवानगी घेऊन मेस बदलता येई. शिस्त इतकी कडक असताना माणसाला निवडीची मोकळीक होती ती जवळपास एवढीच. वाटप निःपक्षपाती व्हावे म्हणूनही त्यांच्याकडे एक युक्ती होती: एकाने पाठ फिरवून बसायचे, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून ‘हा कोणाला?’ असे विचारायचे आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचे. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडानंतर कॅप्टन ब्लाय आणि त्याचे सोबती उघड्या होडीतून महासागर ओलांडत होते, तेव्हा हाती लागलेल्या पक्ष्याचे तुकडे त्यांनी याच पद्धतीने वाटले. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाल्यावर वाळूत मासळीचे वाटे पडताना ज्याने पाहिले आहेत, त्याला या खबरदारीचे नवल वाटू नये.

छावण्यांतल्या अधिकाऱ्यांच्या मेसमधून आणि पुढे वसतिगृहांतून हा शब्द मराठीत आला तो हाच अर्थ घेऊन, आणि महिना संपताच मेस बदलण्याची खलाशांची सवलत आपल्या विद्यार्थ्यांनी कोणी न सांगता उचलली. काकींकडचीही दोन-चार पोरे दर महिन्याला पलीकडच्या गल्लीत जातात आणि त्यांतली काही परत येतात.

तसे महिन्याच्या हिशेबाने परक्याच्या घरी जेवणे कोकणी माणसाला नवे नाही. गिरण्यांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातून परळ-लालबागला गेलेले गडी खानावळवाल्या बायकांकडेच जेवत, आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आता रत्नागिरीत बाहेरची माणसे येऊन जेवतात.

घोळाचा अर्थ मात्र वेगळ्या वाटेने आला. अठराव्या शतकात मेस म्हणजे कालवलेले अन्न, विशेषतः जनावरांपुढे ठेवायचे मिश्रण, असा वापर होऊ लागला. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कशाचा कशाला मेळ नसलेली सरमिसळ हा अर्थ निघाला आणि तिथून गोंधळ, अस्वच्छता, अडचणीची परिस्थिती असे अर्थ फुटत गेले. म्हणजे ज्या शब्दाने प्रत्येकाचा वेगळा वाटा दाखवला जात होता, तोच वेगळेपण मोडल्याची खूण झाला. एवढ्या टोकाचे स्थित्यंतर शब्दाच्या बाबतीत घडायला काही शतके लागली. काकींच्या डब्यात ते पाऊण तासात घडते.

डबा हीच या मेसची दुखरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. नोकरदारांसाठी तीन पुडांचा स्टीलचा डबा पोहोचवला जातो. पडवीत जे कालवण वेगळे वाढले जाते, ते डब्यात सर्वांत खालच्या पुडात काठोकाठ भरलेले असते आणि दुचाकीच्या हँडलला लटकत आल्यामुळे पहिल्याच गतिरोधकावर वर सरकते. पोळ्या गरम असताना झाकण लावल्याने त्यांना घाम सुटतो. कोशिंबिरीची प्लॅस्टिकची पिशवी भातावर ठेवलेली असते, आणि तिला गाठ नीट बसलेली नसली तर भात गार आणि ओला होतो. बांगडा त्याच पातेल्यातला असतो, चवही तीच असते, तरीही डबा उघडल्यावर समोर येते ते कालवलेले मिश्रण. शिवाय डब्यातला वाटा काकी स्वतः भरत नाहीत. भरणारी मुलगी यादी पाहून भरते, त्यामुळे कोणाला दोन्ही तुकडे शेपटीचे जातात. एक वाजता यायचा डबा पावणेदोनला येणे ही नित्याची बाब आहे. मी याविषयी बोललो तेव्हा काकींनी वाद घातला नाही. ‘जवळ असाल तर इथं येऊन जेवा, डब्याचं मी काय सांगू,’ असे त्या म्हणाल्या. पुडांना रबरी कड असलेले डबे घेतले आणि कालवण वेगळ्या बरणीत दिले तरी निम्मी तक्रार मिटेल असे मला वाटते, पण तो खर्च त्यांनी अजून केलेला नाही.

खाड्याचा नियमही सैल करायला हवा. जेवायला येणार नसल्याचे आदल्या रात्री आठपर्यंत सांगितले तरच खाडा धरला जातो, आणि एका महिन्यात चारपेक्षा जास्त खाडे धरत नाहीत. सलग सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांना त्याचा भुर्दंड पडतो. भिंतीवरच्या वहीत खाडा स्वतः लिहून ठेवावा. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

महिन्याचे दोन वेळचे जेवण ४,००० रुपयांना आहे. एक वेळचे शाकाहारी ताट १०० रुपये आणि मासळीचे १८०. सुरमई किंवा पापलेट हवे असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागते आणि त्याचा दर बाजारावर ठरतो. रविवारी दुपारी फीस्ट असते, बहुधा कोंबडी-वडे, आणि त्या संध्याकाळी चूल बंद. दुपारी साडेबारा ते दोन ही वेळ असली तरी मासळीच्या वारी दीडनंतर तुकडा मिळेलच असे नाही. श्रावणात मासळी नसते आणि गणपतीत गौरीविसर्जनापर्यंत मेस पूर्ण बंद असते, कारण काकी संगमेश्वराजवळ आपल्या गावी जातात. त्या दिवसांत रत्नागिरीत जाणाऱ्याने जेवणाची सोय दुसरीकडे पाहावी. बाकी वर्षभर, बसून जेवणार असाल तर जरूर जावे, डबा लावू नये.