‘ब्लॅक संडे’ची ब्ल्यू-रे: बार्बरा स्टीलचा चेहरा नीट बघायचा असेल तर

भयपटांतली इंग्लिश अभिनेत्री बार्बरा स्टील हिच्या सांगली-मिरजेकडच्या चाहत्यांपैकी बहुतेकांनी इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा १९६० चा भयपट ‘ब्लॅक संडे’ मोबाइलवर, कुठल्यातरी धुरकट प्रतीत पाहिलेला असतो. तिथे तिचे डोळे तेवढे दिसतात, बाकी चेहरा काळ्यात बुडालेला. ॲरो व्हिडिओ कंपनीची २०१३ ची ब्ल्यू-रे घ्यावी ती यासाठीच. चेटकीण आसाच्या चेहऱ्यावर ठोकलेल्या मुखवट्याच्या खिळ्यांनी पाडलेली भोकं इथे एकेक सुटी दिसतात, आणि त्याच बार्बराने रंगवलेल्या कात्याच्या गालावरची मऊ सावलीही. ज्या ब्रिटनने १९६८ पर्यंत हा सिनेमा दाखवू दिला नाही, तिथलीच ही डिस्क आहे.

घेण्याआधी प्लेअर तपासा. ब्ल्यू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातच चालावी म्हणून तिला ‘रिजन’चं कुलूप असतं. ही डिस्क रिजन बी ची आणि भारत रिजन सी मध्ये, त्यामुळे इथे घेतलेला साधा प्लेअर ती वाचत नाही. ‘मल्टिरिजन’ या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच प्लेअरमध्ये डीव्हीडीचंच कुलूप काढलेलं असतं, ब्ल्यू-रेचं तसंच राहतं. दुकानदाराला बी रिजनची एखादी डिस्क लावून दाखवायला सांगा.

डिस्कवर सिनेमा दोन रूपांत आहे. युरोपीय आवृत्ती ८७ मिनिटांची, संगीत रोबेर्तो निकोलोझीचं. अमेरिकन आवृत्ती तीन-चार मिनिटांनी कमी, संगीत लेस बॅक्स्टरचं. मुखवटा ठोकताना उसळणाऱ्या रक्तासारखे प्रसंग तिच्यात छाटले आहेत. आधी युरोपीयच बघा. बॅक्स्टरचं संगीत फार गाजावाजा करतं. निकोलोझी प्रसंगाला श्वास घेऊ देतो.

आता टीव्ही. चित्राची चौकट १.६६ : १ आहे, म्हणून दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या राहणारच. फुल एचडी पडद्यावर प्रत्येकी साधारण ६४ पिक्सेल. झूम करून त्या घालवल्या तर वरून कपाळ आणि खालून हनुवटी कापली जाते. याच पट्ट्यांवरून ब्राइटनेस लावा: पट्टी राखाडी दिसेपर्यंत वाढवा, मग ती पुन्हा काळी होईपर्यंत एकेक पायरी खाली या. आणखी खाली गेलात तर पडक्या देवळाच्या दारात दोन कुत्रे घेऊन उभ्या कात्याचा काळा झगा मागच्या अंधारात विरघळतो, आणि नुसतं तोंड तरंगताना दिसतं. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद, पॉवर सेव्हिंग बंद, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’. ‘कूल’वर कृष्णधवल चित्र निळसर पडतं.

सोबत जोडलेला १९५७ चा ‘इ व्हाम्पिरी’ चुकवू नका. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा, कॅमेरा बाव्हाचा. त्यात बार्बरा नाही, पण नायिका शॉट न तोडता म्हातारी होते ती युक्ती नाट्यपंढरी सांगलीतल्या रंगभूषाकारांनी जरूर बघावी. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल प्रकाशात त्या त्वचेत मिसळून जातात. प्रकाश हळूहळू हिरवा केला की काळ्या होऊन वर येतात. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे प्रकाशाचा रंग बदलल्याचं प्रेक्षकाला कळत नाही. रंगमंचावर तो बदल उघड दिसेल, म्हणून तिथे जशीच्या तशी चालणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकतेच: मूळ सिनेमात आवाज बार्बराचा नाही. इटालियन असो वा इंग्रजी, दोन्हीकडे दुसरीच कुणीतरी बोलते. नाटकावर कान तयार झालेल्यांना ओठ आणि शब्द यांतली फट लगेच जाणवेल. इटालियन ट्रॅक त्यातल्या त्यात बरा, त्याला इंग्रजी सबटायटल्स आहेत, मराठी-हिंदी नाहीत. समीक्षक टिम लुकासची कॉमेंटरी (सिनेमा चालू असताना ऐकू येणारं समालोचन) बाव्हाच्या कामाबद्दल भरभरून सांगते, पण ती दुसऱ्यांदा बघताना लावा. बार्बराचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर एक्स्ट्राजमध्ये तिची मुलाखत आहे. सिनेमा संपला की लगेच तीच लावा.