टेक्स्चुअल: टर्मिनलवर लाइव्ह डेटा दाखवताना थ्रेडची कसोटी

सर्व्हरवरचा ताण, रांगेत पडलेली कामं, सेन्सरची रीडिंग असं सतत बदलणारं काही टर्मिनलमध्ये दाखवायचं असेल, तर पायथनमध्ये सध्या सगळ्यात आधी टेक्स्चुअल ही लायब्ररी वापरून बघावी. टर्मिनलवर रंगीत, मांडणीदार मजकूर दाखवणाऱ्या रिच या लायब्ररीवर ती उभी आहे, एमआयटी परवान्याखाली मिळते आणि टेबल, लॉग, छोटे आलेख अशी विजेट (पडद्यावरचे घटक) तयार देते. तिच्या देखणेपणाबद्दल बरंच बोललं जातं. इथे तपासायचंय ते वेगळंच: मागे थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) डेटा आणत असताना कळफलक अडकत नाही ना, आणि पडद्यावर दिसणारा आकडा ताजाच आहे ना. निकाल आधीच सांगायचा तर पाया भक्कम आहे, पण थ्रेडसाठी जी वाट सगळ्यात सोपी दिसते ती पुढे जाऊन दगा देते.

टेक्स्चुअल आतून असिंकआयओच्या, म्हणजे कामं आळीपाळीने पुढे नेणाऱ्या पायथनच्या सोयीच्या, एका लूपवर चालते. कळ दाबणं, माउस, टायमर, रंगवणं, सगळं त्याच एका थ्रेडमध्ये. 'सेट_इंटरव्हल' लावून दर सेकंदाला फंक्शन बोलावता येतं, पण तेही याच थ्रेडमध्ये धावतं. त्यात वेबवरून डेटा मागवणारी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरून एखादा यूआरएल मागवला आणि उत्तराला २ सेकंद लागले, तर ते २ सेकंद पडदा गोठतो. बाण दाबा, टॅब दाबा, काहीही होत नाही, आणि मग दाबलेल्या सगळ्या कळा एकदम लागू होतात. अशा अडकवणाऱ्या कामासाठी लायब्ररीने 'वर्क' हा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लावायची खूण) दिलाय. साध्या, म्हणजे असिंक (वाट बघताना लूप मोकळा सोडणाऱ्या) नसलेल्या फंक्शनवर तो लावताना 'थ्रेड=ट्रू' लिहावंच लागतं. विसरलात तर ते फंक्शन गुपचूप मुख्य थ्रेडमध्ये चालवण्याऐवजी लायब्ररी सरळ एरर देते. हा कडकपणा मला फार आवडला.

थ्रेडमधून विजेटला हात लावायचा नाही, हा इथला मूळ नियम. थ्रेडमधूनच लेबल बदललं तर बऱ्याचदा चालतंही, आणि खरी गोम तिथेच आहे. चाचणीत सगळं ठीक दिसतं आणि ताण वाढला की अर्धवट रंगलेल्या ओळी दिसायला लागतात. मुख्य थ्रेडकडे निरोप पोचवायचे अधिकृत रस्ते दोन. 'कॉल_फ्रॉम_थ्रेड' ला फंक्शन द्यायचं, ते मुख्य थ्रेडमध्ये धावतं आणि संपेपर्यंत तुमचा थ्रेड थांबून राहतो. 'पोस्ट_मेसेज' निरोप टाकून लगेच परततं आणि कुठल्याही थ्रेडमधून बोलावलं तरी सुरक्षित असतं.

'कॉल_फ्रॉम_थ्रेड' थांबून राहतं ही गोष्ट सहज नजरेआड होते. समजा, थ्रेडने डिक्शनरी जपण्यासाठी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेतलं आणि ते हातात असतानाच 'कॉल_फ्रॉम_थ्रेड' केलं. मुख्य थ्रेडमधल्या त्या फंक्शनलाही तेच लॉक हवंय. आता थ्रेड मुख्य थ्रेडची वाट बघतोय, मुख्य थ्रेड लॉकची, आणि अ‍ॅप कायमचं गोठतं. लॉकच्या आत फक्त प्रत काढावी, लॉक सोडावं आणि मगच निरोप द्यावा. निरोप पोचेपर्यंत वापरणाऱ्याने दुसरी स्क्रीन उघडलेली असू शकते. मग 'क्वेरी_वन' ला विजेट सापडत नाही आणि 'नो_मॅचेस' हा अपवाद (एक्सेप्शन) उडतो. त्यासाठी त्या फंक्शनमध्ये विजेट आहे की नाही हे आधी पाहावं.

आता दगा देणाऱ्या वाटेकडे येऊ. बहुतेक जण दर सेकंदाच्या टायमरमधून थ्रेडवालं काम सुरू करतात आणि डेकोरेटरला 'एक्सक्लूझिव्ह=ट्रू' देतात. नाव वाचून वाटतं की नवं काम सुरू होताना जुनं बंद पडेल. असिंक कामाच्या बाबतीत तसं होतंही. पण पायथनमध्ये चालू थ्रेड बाहेरून थांबवण्याची सोयच नाही. लायब्ररी जुन्या कामाची स्थिती रद्द म्हणून नोंदवते, तो थ्रेड मात्र नेटवर्ककडे डोळे लावून तसाच बसलेला असतो.

यातून दोन दुखणी उद्भवतात. पहिलं म्हणजे थ्रेड साचत जातात. ही कामं पायथनच्या नेहमीच्या थ्रेड पूलमध्ये (मर्यादित थ्रेडच्या साठ्यात) जातात आणि त्याची मर्यादा आहे प्रोसेसरच्या गाभ्यांची संख्या अधिक ४, फार तर ३२. चार गाभ्यांच्या मशीनवर ८ अडकलेल्या विनंत्या झाल्या की नववं काम रांगेत उभं राहतं. एरर कुठेच येत नाही, फक्त आकडे बदलायचे थांबतात. दुसरं दुखणं जास्त वाईट: उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या उत्तरावर जाऊन बसतं. दहाव्या सेकंदाची विनंती रेंगाळली, अकराव्याची झटकन आली, मग दहाव्याची पोचली आणि तिने पडद्यावरचा ताजा आकडा पुसला. टायमरचा पुढचा टिक येईपर्यंत पडदा खोटं सांगत असतो.

त्यापेक्षा टायमरवर नवनवे थ्रेड सोडूच नयेत. अ‍ॅप सुरू होताना चालणाऱ्या 'ऑन_माउंट' मध्ये प्रत्येक स्रोतासाठी एकच लांब चालणारं काम सुरू करावं आणि त्याच्या आत लूप ठेवावा. सुरुवातीला 'गेट_करंट_वर्कर' ने स्वतःचा वर्कर (लायब्ररीने ठेवलेली त्या कामाची नोंद) घ्यायचा आणि लूपची अट ठेवायची 'इज_कॅन्सल्ड' नसणं. डेटा आणल्यावर, निरोप द्यायच्या आधी, तीच अट पुन्हा तपासायची. मधल्या विश्रांतीसाठी 'टाइम.स्लीप' नको, 'थ्रेडिंग.इव्हेंट' चा 'वेट(५)' वापरावा. बंद करताना इव्हेंट सेट केला की थ्रेड तत्क्षणी जागा होतो, उरलेली झोप काढत बसत नाही. असे कायमचे थ्रेड पूलमधली जागा अडवून धरतात हे मात्र ध्यानात ठेवावं. स्रोत दहा-बारा असतील तर एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने विचारणं बरं, किंवा मग असिंक एचटीटीपी क्लायंट घेऊन थ्रेडचा नादच सोडावा.

बंद करताना आणखी एक गंमत घडते. बाहेर पडण्यासाठी ठेवलेली क्यू ही कळ दाबल्यावर पडदा नाहीसा होतो, मूळ टर्मिनल परत दिसतं, पण प्रॉम्प्ट काही येत नाही. कारण असिंकआयओ बाहेर पडण्याआधी पूलमधल्या थ्रेडची वाट बघतं आणि एखादा थ्रेड वेळमर्यादा नसलेल्या विनंतीत अडकलेला असतो. रिक्वेस्ट्सला आपणहून कसलीही वेळमर्यादा नसते, म्हणून 'टाइमआउट=(३, ५)' प्रत्येक वेळी द्यावी. पहिला आकडा जोडणीसाठी, दुसरा वाचनासाठी. दुसरा आकडा एकूण वेळेचा नव्हे, दोन तुकड्यांमधल्या शांततेचा आहे. थेंब थेंब पाठवणारा सर्व्हर त्यातून निसटू शकतो.

डेटा येण्याचा वेग आणि पडदा रंगवण्याचा वेग वेगवेगळा ठेवला, की टेक्स्चुअल खरी खुलते. सेकंदाला हजार घटना येत असतील आणि प्रत्येकीसाठी 'पोस्ट_मेसेज' केला, तर निरोपांची रांग फुगते आणि वापरणाऱ्याचा साधा बाणही उशिरा लागू होतो. त्याऐवजी थ्रेडने कमाल लांबी ठरवलेल्या 'डेक' मध्ये (पायथनच्या दुटोकी रांगेत) घटना टाकत जावं, आणि मुख्य थ्रेडमध्ये 'सेट_इंटरव्हल(०.२५)' लावून साचलेलं एका दमात उपसावं. माणसाला वाचायचा आकडा सेकंदाला ४ वेळा बदलला तरी भरपूर होतं, १० च्या वर तर तो नुसता थरथरतो. लायब्ररी सेकंदाला ६० वेळा रंगवू शकते, पण एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर, चालवताना तो प्रत्येक बदल नेटवर्कवरून बाइट होऊन जातो. टायमरला 'पॉज' आणि 'रिझ्यूम' आहेत. स्पेस दाबून पडदा थिजवायची सोय दोन ओळींत होते आणि मागे डेटा गोळा होतच राहतो. चढउतार चाललेल्या आकड्यांवर बोट ठेवून बघायचं असेल तेव्हा ही कळ सोन्यासारखी वाटते.

डेटाटेबल हे लाइव्ह पडद्यावरचं मुख्य विजेट, आणि ते चुकीचं वापरायचा मोह सगळ्यात जास्त. दर टिकला 'क्लिअर' करून सगळ्या ओळी पुन्हा भरल्या की कर्सर वरच्या कोपऱ्यात उडी मारतो आणि खाली सरकवलेली जागा जाते. ऐंशीव्या ओळीवर असलेला माणूस दर सेकंदाला पहिल्या ओळीवर फेकला जातो. म्हणून प्रत्येक स्तंभाला आणि ओळीला स्वतःची 'की' (ओळखखूण) द्यावी, मागची मूल्यं डिक्शनरीत जपावीत आणि बदललेल्या चौकटीपुरतंच 'अपडेट_सेल' बोलवावं. नव्या की आल्या तर 'अ‍ॅड_रो', गेल्या तर 'रिमूव्ह_रो'. हा फरक दोन सेटच्या वजाबाकीने निघतो. तीच की दोनदा भरली तर 'डुप्लिकेट_की' अपवाद येतो, आणि तो आलेला बराच, कारण स्रोतातलीच गडबड त्यामुळे उघडी पडते. स्तंभाची रुंदी सुरुवातीलाच ठरवून द्यावी. नाहीतर ९९ चे १०० झाले की आकडा कापला जातो, आणि 'अपडेट_विड्थ' लावलं तर अख्खा टेबल डावीउजवीकडे हलत राहतो.

याच टेबलमध्ये क्रम लावण्याचं दुखणं आहे आणि ते धोकादायक होऊ शकतं. 'सॉर्ट' केल्यावर ओळी हलतात, कर्सर मात्र त्याच क्रमांकाच्या जागी राहतो. समजा सीपीयूच्या वापरानुसार प्रक्रियांची यादी लावलीय, तिसऱ्या ओळीवर कर्सर आहे आणि के दाबल्यावर निवडलेली प्रक्रिया मारली जाते. दाबायच्या क्षणी क्रम बदलला, तर भलतीच प्रक्रिया मरते. क्रम लावण्याआधी 'कोऑर्डिनेट_टू_सेल_की' ने कर्सरखालची ओळ ओळखून ठेवावी, नंतर 'गेट_रो_इंडेक्स' ने तिची नवी जागा काढून 'मूव्ह_कर्सर' करावं. हे लायब्ररीने स्वतःहून करायला हवं होतं. लाइव्ह टेबलमध्ये माणूस ओळ निवडतो, क्रमांक नव्हे.

आणखी एक खोड: टेबलच्या चौकटीत साधी स्ट्रिंग दिली तर चौकोनी कंसातला मजकूर रंगाची सूचना म्हणून वाचला जातो. बाहेरून आलेल्या ओळीत कंसात शब्द असला तर तो गायब होऊ शकतो, आणि तिरकी रेघ असलेला कंस आला तर अ‍ॅपच कोसळू शकतं. बाहेरचा मजकूर नेहमी रिचच्या 'टेक्स्ट' मध्ये गुंडाळून द्यावा. आकडे उजवीकडे लावायचे असतील तर 'जस्टिफाय' ही तिथेच देता येतं. लॉगसाठी असलेल्या रिचलॉगमध्ये ही सूचना मुळातच बंद असते. तिथे 'मॅक्स_लाइन्स' देणं तेवढं विसरू नये, नाहीतर रात्रभर चाललेलं अ‍ॅप मेमरी खात राहतं. स्पार्कलाइन या छोट्या आलेखाला आकड्यांची यादी दिली की झालं. फक्त जागा कमी पडली तर ती प्रत्येक गटातला सगळ्यात मोठा आकडा दाखवते, सरासरी नव्हे. ताण बघायला हे योग्यच, तापमानासाठी 'समरी_फंक्शन' बदलून घ्यावं.

थ्रेडमध्ये न पकडलेला अपवाद आला तर अख्खं अ‍ॅप बंद होतं, कारण 'एक्झिट_ऑन_एरर' मूळचंच चालू असतं. ते बंद करून मोकळं होणं हा उपाय नव्हे. तसं केलं तर थ्रेड मरतो आणि पडदा शेवटचे आकडे मिरवत राहतो. लूपच्या आतच अपवाद पकडावा, पुढच्या प्रयत्नाआधीची विश्रांती १, २, ४ अशी वाढवत ३० सेकंदांवर थांबवावी, आणि पडद्यावर 'शेवटचा डेटा १२ से. आधी' असं लिहावं. हे वय 'टाइम.मोनोटॉनिक' वरून मोजावं, म्हणजे घड्याळ मागेपुढे केल्याने बिघडणार नाही. ठरलेल्या अंतराच्या तिपटीपेक्षा वय वाढलं की आकडे फिके करावेत. लाइव्ह पडद्यावर वयाचा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला आधारच उरत नाही.

थ्रेडने सुटत नाही असंही काम असतं. मोठा जेसन (डेटाचा एक मजकुरी साचा) उलगडताना पायथनचं जागतिक लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं लॉक, त्या एका हाकेत सलग धरलं जातं. थ्रेड वेगळा असूनही तेवढा वेळ पडदा गोठतो. काही दहा एमबीची फाइल असेल तर ते जाणवतंच. असं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यावं आणि परत आणताना फक्त सारांश आणावा.

चूक शोधण्याची सोय मात्र उत्तम. टेक्स्चुअल-डेव्ह बसवून एका टर्मिनलमध्ये 'टेक्स्चुअल कन्सोल' चालू करायचा, दुसऱ्यात अ‍ॅप 'रन --डेव्ह' ने चालवायचं. साधा 'प्रिंट' सुद्धा पडदा न विस्कटता पहिल्या टर्मिनलमध्ये उमटतो. चाचण्यांसाठी 'रन_टेस्ट' आहे. त्यात 'वर्कर्स.वेट_फॉर_कम्प्लीट' वापरताना न संपणारा लूप असेल तर चाचणीही संपत नाही, तेव्हा डेटा आणणारं फंक्शन लूपपासून वेगळं लिहून त्याचीच चाचणी घ्यावी.

नुसतं दाखवायचंय, कळा वाचायच्याच नाहीत, तर टेक्स्चुअल जड पडेल. रिचचं 'लाइव्ह' पुरतं. ते स्वतःचा थ्रेड ठेवून सेकंदाला ४ वेळा पडदा ताजा करतं. बाहेरचं पॅकेज बसवायला मनाई असलेल्या मशीनवर, विंडोज सोडून, पायथनसोबतच येणारं कर्सेस आहेच, पण ते थ्रेडसाठी बनलेलंच नाही. तिथे सगळं रंगवणं एकाच थ्रेडमध्ये ठेवावं, 'टाइमआउट(२५०)' लावून 'गेटसीएच' पाव सेकंदाने परत येईल असं करावं, 'क्लिअर' ऐवजी 'इरेझ' वापरावं म्हणजे पडदा लुकलुकणार नाही, आणि प्रत्येक खिडकीचं 'नाउटरिफ्रेश' झाल्यावर शेवटी एकदाच 'डूअपडेट' बोलवावं.