रॅकला चाकं लावून आठ महिने: दोष फरशीचा नव्हता, सुताचा होता

तीन आठवड्यांपूर्वी साफसफाईसाठी म्युझिक सिस्टीमचा रॅक पुढे ओढला आणि मागचं डावं चाक फळीतून उपटूनच आलं. ॲम्प्लिफायर कलला, मी गुडघा लावून रॅक अडवला म्हणून वाचला. ज्या चाकांचं कौतुक मी येईल-जाईल त्याला ऐकवत होतो, त्यांच्याबद्दल आता सविस्तर लिहितो.

रॅक, ॲम्प्लिफायर, वूफर सगळं धरून ९० किलो. पूर्वी मागची वायर बदलायची तरी शेजारच्याला हाक मारायची, पायांखाली जुनी सोलापुरी चादर सरकवायची आणि दोघांनी ओढायचं. कंबर धरली तेव्हा नायलॉनची दोन इंची चार चाकं आणली, ९० रुपयांना एक, प्रत्येकावर ४० किलो लिहिलेलं. वजनाला चाराने नाही, तिनाने भागायचं. आमची शहाबादी फरशी वरखाली, एखादं चाक अधांतरीच राहतं. तरी चाकाला ३० किलोच येत होतं.

पाच महिने सुखात गेले. आईसुद्धा एका हाताने रॅक सरकवून मागचा केर काढायची. मग तो जड होत गेला, फरशीच्या सांध्यांवर अडायला लागला. मी सांधे भरून घेतले, ६०० रुपये गेले, फरक काही नाही.

उपटलेलं चाक बोटाने फिरवून पाहिलं तर हलेना. आसाजवळ ब्लेड घातलं, तर आतून गुलाबी-हिरवं सूत आणि केस यांचं घट्ट कडं निघालं, लहान मुलीच्या बांगडीएवढं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन घरं सोडून टॉवेलचे यंत्रमाग. सुताचे तंतू खिडकीतून येतात, रॅकखाली साचतात, चाक फिरलं की आसावर गुंडाळले जातात. जाम झालेलं चाक घासत जातं आणि सगळा जोर वरच्या स्क्रूंवर येतो. माझे स्क्रू भुसा दाबून केलेल्या फळीत होते, ते कितीसे धरणार?

दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत नाही. ठीक आहे, नको घेऊ. पण आसाच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखं झाकण असलेली, बॉल बेअरिंगची तीन इंची चाकं त्याच्याच वरच्या खणात होती, १८० रुपयांना. यंत्रमागांच्या गावात चाकं विकतोस आणि हे सांगत नाहीस? हा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या दुकानातून तीच घेतली, पॉलियुरेथेनची. काळं रबर टाळलं, ते एका जागी राहून फरशीवर डाग सोडतं. खाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड घालून आरपार नट-बोल्ट कसले, पुढच्या दोन चाकांना ब्रेक.

आणि वूफर रॅकमधून काढून थेट फरशीवर ठेवला. चाकांवर असताना डग्ग्याचा घुमारा पसरट यायचा, मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसं. आता थाप पडली की तिथेच पडते. केवढं ऐकायचं राहून गेलं होतं!

परवा चाकं तपासली. एकाला गुलाबी धागा होता, पण झाकणाच्या बाहेर. चिमटीत धरला आणि निघून आला.