होकायंत्र, थिओडोलाइट की जायरो?

दिगंश मोजायचं उपकरण घेण्याआधी एवढं ठरवा: कोन कुठल्या उत्तरेपासून हवा? दिगंश म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे क्षितिजालगत मोजलेला कोन. पूर्व 90 अंश, पश्चिम 270. पण होकायंत्राची उत्तर चुंबकीय, ताऱ्यांवरून मिळते ती खरी, आणि नकाशावरच्या उभ्या जाळीरेषांची तिसरीच. माझ्या मते ढोबळ उपकरणापेक्षा या तिघींच्या सरमिसळीनेच जास्त घोळ होतात.

प्रिझमॅटिक कंपास, म्हणजे प्रिझम लावलेलं होकायंत्र, हलका, बिनबॅटरीचा. फटीतून बघत समोरचा उभा केस खुणेवर धरायचा, डुलणारी तबकडी बटण दाबून शांत करायची आणि प्रिझममधून आकडा वाचायचा. तबकडीवरच्या खुणा अर्ध्या अर्ध्या अंशाच्या. तेवढी चूक झाली तर किलोमीटरवर जवळपास 9 मीटरचा फरक पडतो. पायवाटांच्या कच्च्या नकाशाला हे चालून जातं, जमिनीच्या हद्दीला अजिबात नाही. शिवाय जवळ लोखंडी कुंपण असलं की सुई भरकटते. म्हणून ‘अ’वरून ‘ब’ आणि ‘ब’वरून ‘अ’ असे दोन्ही कोन घ्यावेत. त्यांच्यात 180 अंशांचा फरक आला नाही, तर वाचण्यात चूक आहे किंवा एखाद्या ठिकाणी लोखंडाची बाधा आहे.

हद्दीसाठी थिओडोलाइट, म्हणजे तिपाईवर बसवलेली, कोन मोजणारी दुर्बीण. 20 सेकंदांपर्यंत (इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) वाचणाऱ्या साध्या यंत्रातही किलोमीटरला चूक 10 सेंटिमीटरच्या आसपास. गंमत अशी, की एवढ्या बारीक यंत्राला उत्तर कुठे आहे हे ठाऊकच नसतं. ते दोन दिशांमधला कोन तेवढा सांगतं. उत्तर आपणच पुरवायची: आधीच्या मोजणीतल्या पक्क्या खुणांवरून, नाहीतर ध्रुवताऱ्यावरून. ध्रुवताराही नेमका ध्रुवावर नाही, पाऊण अंशाच्या आतल्या वर्तुळात फिरतो. त्यामुळे वेळ नोंदवून कोष्टकातली दुरुस्ती लावावी लागते. दक्षिण गोलार्धात तो दिसतच नाही. तिथे सूर्य किंवा दुसरे तारे. सूर्याकडे रोखताना दुर्बिणीला सौर फिल्टर हवाच.

जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चक्राचा होकायंत्रासारखा वापर, पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर शोधतो, लोखंडाला जुमानत नाही. जहाजासाठी उत्तमच, पण स्थिरावायला काही तास आणि सतत वीज लागते, शिवाय ध्रुवांजवळ तो निकामी. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या जहाजांवर जायरोच्या जोडीला चुंबकीय होकायंत्र ठेवावंच लागतं.

आकाशनिरीक्षणासाठी दिगंश-उन्नतांशाची, म्हणजे दुर्बीण आडवी आणि वर-खाली फिरवणारी, साधी बैठक पुरते. मात्र तारा डोक्यावर आला की दिगंश झपाझप बदलतो आणि दुर्बीण मागे पडते. लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे असतील तर विषुववृत्तीय बैठक, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी, घ्या.