१२ इंची सबवूफरचं फोम सराउंड किट: गोंद उत्तम, शिम अपुऱ्या, माहितीपत्रक अर्धवट

जुन्या सबवूफरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) कागदी आहे, कॉइल (कोनच्या मागची, चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी) शाबूत आहे आणि फक्त कडेचा फोम, म्हणजे सराउंड, गेलाय, अशी स्थिती असेल तर हे किट बेधडक घ्या. कोन पॉलिप्रोपिलीनचा असेल तर किट घ्यायला हरकत नाही, पण त्यातला गोंद वापरू नका. आणि कॉइल जळालेली असेल तर याचा काहीच उपयोग नाही, तिथे रिकोनिंगच (कोन आणि कॉइल दोन्ही बदलणं) करावं लागतं.

पाकिटात दोन फोम रिंगा, पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद, एक ब्रश, प्लास्टिकच्या चार शिम पट्ट्या (गोंद वाळेपर्यंत कॉइल मधोमध धरणाऱ्या) आणि एकपानी माहितीपत्रक येतं. डस्ट कॅप (कोनच्या मध्यावरचं झाकण) येत नाही. ही खरी उणीव आहे, कारण शिम घालायच्या तर जुनी कॅप कापावीच लागते आणि ती दर वेळी धड निघतेच असं नाही. कॅप वेगळी मागवायची तर तिचा व्यास आधीच मोजून ठेवा.

पॉलियुरेथेन फोम दमट हवा आणि उन्हाने आतून कुजतो. दहा-पंधरा वर्षांनी बोट लावताच भुगा होतो, किंवा चिकट होऊन सुटतो. पण आवाज फाटतोय म्हणजे दोष फोमचाच, असं धरून चालू नका. आधी मल्टिमीटर लावा. ४ ओहमच्या कॉइलचा डीसी रोध साधारण ३ ते ३.८ दिसायला हवा. ड्युअल कॉइल असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा, आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक कॉइल बंद आणि दुसरी चालू असेल तरी वूफर वाजतो, त्यामुळे नुसत्या कानाने हे कळत नाही. मग कोन हाताने हलवत टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली लीड वायर तपासा. ती कोनजवळच्या वळणावर तुटते आणि आवाज मध्येच जातो-येतो. स्पायडर (कॉइलला मागून सावरणारी नागमोडी कापडी चकती) बास्केटपासून, म्हणजे वूफरच्या सांगाड्यापासून, सुटला असेल तर तो आधी चिकटवायचा, फोम नंतर.

मागवताना सर्वाधिक चुका मापात होतात. '१२ इंची' हे बाहेरच्या फ्रेमचं माप असतं आणि फोमला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. मोजायचं ते कोनचा बाहेरचा व्यास, बास्केटवरच्या चिकटवायच्या कडेचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि जुन्या फोमच्या फुगीर भागाची रुंदी. फोमची आतली पट्टी सपाट आहे की तिरकी, आणि ती कोनच्या वर चिकटलेली होती की खाली, हेही बघा. या किटची पट्टी तिरकी आहे, म्हणजे कागदी कोनच्या उताराला बरोबर बसते. फुगीर भागही पुरेसा रुंद आणि उंच आहे, आणि सबवूफरसाठी तेच महत्त्वाचं. मिडवूफरचा अरुंद फोम बसतो खरा, पण कोनला पुढे-मागे जायला जागाच देत नाही. मोठ्या बासला कोन ताणला जातो आणि फोम आतल्या कडेला फाटतो.

जुना गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी पट्टी पुरते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. चुंबक तो खेचून घेतो आणि क्षणात कोनला भोक पडतं. अॅसिटोनही टाळा, काही प्लास्टिक डस्ट कॅप त्यात विरघळतात. बास्केटची कड मात्र बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ करा. तिथे राहिलेला कचरा फोमला उंच-सखल बसवतो आणि कॉइल तिरकी होते. डस्ट कॅप कापल्याबरोबर गॅपवर (कॉइल जिथे हलते त्या चुंबकातल्या फटीवर) मास्किंग टेप लावा, भुग्याचा एक कण आत गेला तरी पुढे खरखर येते.

गोंदाबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलावंसं वाटतं. तो दहा-पंधरा मिनिटं सरकवता येतो, वाळला की पारदर्शक आणि लवचिक राहतो, आणि चूक झाली तर ओला असताना पाण्याने पुसता येतो. कोनच्या कडेला आणि फोमच्या पट्टीला, दोन्हीकडे पातळ थर द्या, थोडा चिकट होऊ द्या, मग बसवा आणि बोटाने गोल फिरत दाबत राहा. आधी कोनचा जोड पूर्ण वाळू द्यायचा, बास्केटचा जोड नंतर. दोन्ही एकदम केले तर कोन मधोमध आणताना आतला जोड सरकतो. फुगीर भागावर गोंद सांडू देऊ नका, तेवढा भाग कडक होतो आणि कोन वाकडा चालतो. पॉलिप्रोपिलीनवर मात्र हा गोंद वाळल्यावर सालासारखा निघून येतो. तिथे पॉलिप्रोपिलीनला चालतो असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेला लवचिक गोंद, त्याच्या प्रायमरसह, वापरा.

शिम हा किटचा सर्वांत कमकुवत भाग. चारही पट्ट्या एकाच जाडीच्या आहेत आणि प्रत्येक वूफरची गॅप वेगळी असते. पोल पीस (चुंबकाचा मधला दांडा) आणि कॉइलच्या नळीमध्ये त्या घट्ट बसायला हव्यात, पण जोराने ढकलाव्या लागू नयेत. सैल असतील तर जाड फोटोपेपरच्या पट्ट्या कापून जोडीला घाला, चारही बाजूंना सारख्याच. बास्केटचा जोड २४ तास वाळल्यावर शिम काढा आणि कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, मध्यापासून सारख्या अंतरावर, हळूच आत दाबा. कान जवळ न्या. बारीकशीही खसखस ऐकू आली तर कॉइल घासते आहे. एका बाजूने दाबलं तर चांगला वूफरही घासतो, म्हणून दाब समान हवा. खात्री झाल्यावरच डस्ट कॅप लावा.

माहितीपत्रक इथेच संपतं, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. फोम बदलला की वूफरचं वागणं बदलतं. नवा फोम जरा ताठ असतो, त्यामुळे रेझोनन्स (कोन ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत सहज डोलतो ती) वर सरकतो. मोजायला अॅम्प, टोन जनरेटर आणि वूफरच्या सिरीजमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर एवढं पुरे. ज्या फ्रिक्वेन्सीला वूफरच्या टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक, तो रेझोनन्स. छापील २८ हर्ट्झच्या जागी ३२-३३ दिसले तर घाबरू नका. वूफर बॉक्सबाहेर ठेवून २०-२५ हर्ट्झच्या टोनवर, कोन मध्यम हलेल इतक्याच आवाजात, काही तास चालवा आणि पुन्हा मोजा. आकडा तरीही खूप वर असेल तर फोम जास्तच जाड आहे किंवा गोंद फुगीर भागावर गेलाय.

बॉक्समध्ये बसवण्याआधी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून पोलॅरिटी बघा: प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. सीलबंद बॉक्स असेल तर कोन हलकेच दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर गॅस्केट हवाबंद आहे, टुणकन आला तर कुठेतरी गळती आहे.

अॅम्पचे जुने सेटिंग तसेच ठेवू नका. बास बूस्ट शून्यावर आणा, कारण ६ डेसिबल बूस्ट म्हणजे चौपट वॅट. लो पास (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झपासून सुरू करा. पोर्टेड बॉक्सला (हवेसाठी नळी किंवा भोक असलेल्या) सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) लावाच, पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो त्या ट्यूनिंगपेक्षा थोडा खाली: ३५ हर्ट्झचा बॉक्स असेल तर २८ ते ३०. ट्यूनिंगच्या खाली बॉक्सची हवा कोनला आवर घालत नाही, आणि नवा फोम फाटतो तो इथेच. गेन (अॅम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) लावताना वूफर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि अॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. ४ ओहमला ३०० वॅट हवे असतील तर ३४.६ व्होल्ट, कारण वॅट गुणिले ओहम यांचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. सुरुवातीला निम्म्या वॅटवर, म्हणजे साधारण २४.५ व्होल्टवर थांबा. शेवटी ८० हर्ट्झच्या टोनवर फेज ० आणि १८० असा बदलून बघा. बसायच्या जागी ज्या सेटिंगला आवाज भरीव येतो तेच ठेवा.

कारमध्ये बसवत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी माउंटिंग स्क्रू पुन्हा समोरासमोरच्या जोडीने आवळा. एका बाजूने आवळत गेलं तर पातळ पत्र्याची बास्केट पिळते आणि कॉइल पुन्हा घासू लागते.