सांगलीत भाड्याच्या घरासाठी फर्निचर केलं आणि फसलो

गेल्या महिन्यात आम्ही विश्रामबागेतलं भाड्याचं घर सोडलं. सामान हलवायला आलेल्या पोरांपैकी एकाने कपाट सुटं करायला बिजागरीचा स्क्रू फिरवला आणि स्क्रूसोबत चमचाभर भुसा फरशीवर सांडला. त्याने बाजूची फळी अंगठ्याने दाबली, तर कडेचा तुकडा बिस्किटासारखा तुटून त्याच्या हातात आला. "ताई, हे सुटं होईल, पण परत जोडायचं नाही व्हायचं. स्क्रू धरणारच नाही," तो म्हणाला.

हे कपाट आम्हाला चौदा महिन्यांपूर्वी '७१० नंबरचा मरीन प्लाय', म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, म्हणून दिलं होतं.

मी प्लायचाच हट्ट का धरला, ते सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. गावभागातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर सासूबाईंचं कपाट उघडेना. फळ्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. ते आम्ही कुऱ्हाडीने फोडून रस्त्यावर टाकलं, सगळ्या गल्लीने टाकलं तसंच. कुठलंच कपाट आठवडाभर पाण्यात ठेवायला केलेलं नसतं, हे मला कळतं. पण पुन्हा भुशाचा बोर्ड घरात आणायचा नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं.

भाड्याच्या घरात आलो तेव्हा घरमालक काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, भिंतीला ड्रिल मारायचं नाही, घरात करवत चालवायची नाही. करार अकरा महिन्यांचा. मग फिक्स फर्निचर कशाला करायचं? सगळं सुटं करून घेऊ, पुढच्या घरी घेऊन जाऊ, असं ठरलं. निर्णय चुकीचा नव्हता. पण आम्ही फसलो ते नेमके इथेच. सुटं फर्निचर सुताराच्या शेडमध्ये बनतं आणि घरी येतं ते आतून-बाहेरून सनमायका लावून, कडांना एज बँडची पट्टी मारून. आत काय आहे ते दिसतच नाही.

ओळखीच्या एकांनी एका फर्निचरवाल्याचा नंबर दिला. 'भाड्याच्या घरासाठी कमी खर्चात देखणं काम' ही त्याची ओळख. फोनवर फोटो दाखवले, फिक्या लाकडी रंगाची कपाटं, पांढऱ्या ट्रॉल्या, वेताचे दिवे. खोट्या फोटोंचं मला इतकं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याच्या नमुन्याचं. त्याने पिशवीतून तळहाताएवढा प्लायचा तुकडा काढला, कडेचे थर मोजून दाखवले, त्यावरचा आयएसआयचा शिक्का दाखवला. माझ्या मुलीला म्हणाला, "जा बाळ, नळाखाली धर." तिने धरला, काही झालं नाही. "हाच माल लावतो, ताई. पूर आला तरी काळजी नाही." पुराचं त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

कपाट १७ हजार, टीव्ही युनिट ९, अभ्यासाचं टेबल १०, स्वयंपाकघरातले दोन बॉक्स १२, एकूण ४८ हजार. आमच्या जुन्या सुतारमामांनी याच कामाचे ८२ सांगितले होते. मामा महाग झाले असं मी घरी बोललेसुद्धा, आणि त्याची मला आज लाज वाटते. कारण तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसले असते तर सगळं कळलं असतं. सात फूट उंच, पाच फूट रुंद, दोन फूट खोल कपाटाला पाठ सोडून ११५-१२० चौरस फूट प्लाय लागतो. शीट आठ बाय चारची, म्हणजे ३२ फुटांची. चार शीट तरी आल्याच. फुटाला शंभर रुपये धरले तर नुसता प्लाय १२,८०० रुपयांचा. राहिलेल्या ४,२०० मध्ये पाठ, दोन्ही बाजूंची सनमायका, बिजागऱ्या, कुलूप, मजुरी आणि टेम्पो? होतच नाही.

३० हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिले. नंबर त्याच्या मेहुण्याचा. "बिल केलं तर जीएसटी तुमच्याच डोक्यावर बसेल," म्हणाला, आम्ही मान डोलावली. व्हॉट्सॲपवर 'वॉटरप्रूफ मटेरियल' एवढंच लिहून आलं, ७१० चा उल्लेख कुठेच नाही. माल आला त्या दिवशी मी दाराच्या वरच्या कडेला नखाने खरवडून पाहिलं होतं. थर दिसले, प्लायच होता. समाधानाने उरलेले १८ हजार दिले. दारं त्याने प्लायची केली होती आणि बाकीचा सगळा सांगाडा पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे तोच भुशाचा बोर्ड. ग्राहक दारच तपासणार, हे त्याला माहीत होतं.

म्हणून सांगते, दारावर जाऊ नका. कप्प्याच्या पिना बसवायला बाजूच्या फळीत बारीक भोकं असतात, त्यात दाभण फिरवा. भुसा आला तर ओळखा. कपाट आडवं करायला लावा आणि तळाची कड बघा, तिथे बहुतेक वेळा एज बँड मारत नाहीत. आणि शेडमध्ये काम करायचं असेल तर शीट कापायच्या आधी जाऊन या. पूर्ण शीटवर आयएसआयच्या चिन्हाबरोबर आयएस ३०३ (साधा प्लाय) किंवा ७१० (मरीन) हा आकडा आणि सीएम/एल, म्हणजे लायसन्सचा नंबर असतो. तो नंबर आयएसआय चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आहे ते कळतं. शीटचे फोटो काढा, बिलावर '७१०' लिहून घ्या. 'वॉटरप्रूफ' हा ग्रेड नाही. मी फोन केला तेव्हा त्याने हेच तोंडावर मारलं, "मी वॉटरप्रूफ म्हटलं होतं, प्लाय कुठं लिहिलंय?" त्यानंतर फोन उचलला नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाई नीट बोलल्या, पण बिल मागितलं, दुकानाचा पत्ता मागितला. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि चॅट आहे, तेवढंच. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे माझे अजून दहा महिने हातात आहेत.

त्याचा नमुन्याचा तुकडा मुलीने रंगाच्या डब्यात जपून ठेवला होता. तो आणि कपाटाचा तुटलेला कोपरा मी रात्रभर एका बादलीत बुडवून ठेवले. सकाळी पट्टीने मोजलं. नमुना होता तसाच, १८ मिलिमीटर. कोपरा १८ चा २५ झाला होता आणि उचलताना माझ्या बोटांमध्ये लापशीसारखा सुटत होता. दोन्हींचे पट्टीसकट फोटो काढलेत. तुकडे वाळवून, तारीख लिहून एकाच पिशवीत ठेवलेत, तक्रारीला जोडायला.