मॅच बघायला हॉटेल मस्त, फक्त पाकिस्तानच्या मॅचला जाऊ नका

सिंहगड रोडवरच्या ह्या गार्डन हॉटेलचं नाव टाकत नाहीये, मालक ओळखीचे आहेत आणि पुढच्या मॅचला परत तिथंच बसायचंय. पण 2025 मध्ये आमच्या पाच जणांच्या ग्रुपने तिथं मोठ्या पडद्यावर एवढ्या मॅचेस बघितल्यात की दोन शब्द लिहायचा हक्क बनतो.

आधी वाईट सांगतो. एशिया कपला भारत-पाकिस्तान लागोपाठ तीन रविवार झाली, 14, 21 आणि 28 सप्टेंबर, आणि तिन्ही वेळा मालक काकांनी माणशी 799 कव्हर चार्ज लावला. तेवढ्याचं खायला मिळतं म्हणा, पण मेनू कापून एका पानावर आणलेला, पनीर टिक्का चघळून जबडा दुखला आणि रोटी सांगितली की ती येईपर्यंत भाजी गार. बरं एवढे पैसे देऊन मॅच काय बघितली, तर पहिली सात विकेटनी जिंकलो, दुसरी सहा विकेटनी. आपला कॅप्टन सूर्या स्वतः म्हणाला की ह्याला आता रायव्हलरी म्हणणं बंद करा, आणि मला तरी शंभर टक्के पटलं, पण कव्हर चार्ज काही कमी होत नाही ना!

फायनल जरा मॅचसारखी झाली. पाकिस्तान 1 बाद 113 वरून 146 ऑल आउट, मग आपण 3 बाद 20, तेव्हा कुठे हॉटेलात चमच्यांचे आवाज थांबले. पण इथं दुसरी गोम आहे. काका मोबाइल ॲपवरून प्रोजेक्टरला लावतात आणि मागच्या सोसायटीतले लोक घरी डिशवर बघतात, त्यामुळे आपल्याकडे बॉलर रनअपलाच असतो आणि मागून ‘होऽऽ’ येतं. रिंकूचा विनिंग चौका आम्ही आधी ऐकला आणि मग बघितला. नंतर ट्रॉफीची वाट बघत बसलो, आपली पोरं पाकिस्तान बोर्डाचे आणि एशियन क्रिकेटचे अध्यक्ष नक्वी यांच्या हातून घ्यायला तयार नाहीत आणि ते हलायला तयार नाहीत, इकडे वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवायला लागला. शेक हँड नको, ट्रॉफी नको, मग खेळता तरी कशाला, असं मी म्हणालो तर ग्रुपमधले दोघं आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. असो.

आता ह्याच हॉटेलचं दुसरं रूप. 4 ऑगस्ट, सोमवार, दुपारी साडेतीन, ओव्हल टेस्टचा शेवटचा दिवस, इंग्लंडला 35 रन्स हव्यात आणि आपल्याला चार विकेट. ह्या वेळेला किचन बंद असतं, गिऱ्हाईक म्हणून आम्ही पाच जण आणि बाहेर पाऊस. काकांनी पत्र्याच्या शेडमध्ये आमच्यासाठी पडदा सोडला, कव्हर बिव्हर काही नाही, आणि स्टाफसाठी केलेलं पिठलं-भाकरी आमच्यापुढे ठेवलं. मेनूवर नाहीये, पण तिथं खाल्लेलं सगळ्यात भारी जेवण तेच. आणि मॅच! शेवटी खांदा निखळलेला इंग्लंडचा वोक्स डावा हात स्वेटरच्या आत बांधून पायऱ्या उतरला तेव्हा काका भाकरी हातात धरून तसेच उभे. सिराजने अॅटकिन्सनचा दांडा उडवला, सहा रन्सनी जिंकलो, सिरीज 2-2.

त्यावरून वाद पेटलाच. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागणं, सोडलं तर बदली खेळाडूला टेस्टमध्ये बॅटिंग-बोलिंग करता येत नाही, मँचेस्टरला पंत मोडक्या पायाने खेळला तो त्यामुळेच. आमच्यातला एक म्हणतो हा रानटीपणा आहे, बदला नियम. मी म्हणतो बदलला की पहिल्याच सिरीजमध्ये कुणाचं तरी हॅमस्ट्रिंग बरोब्बर सोयीच्या वेळी दुखेल, आपल्याला लोक माहीत नाहीत का? पण वोक्सचा चेहरा आठवला की माझाही आवाज खाली येतो, खोटं कशाला बोलू.

30 ऑक्टोबरला तर कहर. महिला वर्ल्ड कपची सेमी, आपल्या नवी मुंबईत, आणि हॉटेलात पडद्यावर गाण्यांचं चॅनेल! सांगितल्यावर लावलं लगेच. ऑस्ट्रेलियाच्या 338, आणि 2017 ला डर्बीत हरमनप्रीतने 171 मारून हरवलं होतं तेव्हापासून ही टीम वनडे वर्ल्ड कपात एकही मॅच हरलेली नव्हती. रायव्हलरी म्हणजे ही, समोरचा आपल्यापेक्षा तगडा आणि तरी भिडायचं. जेमिमा शंभरच्या पुढे गेली तेव्हा तंदूरवालासुद्धा बाहेर आला, 127 नॉट आउट, आमच्या रोट्या करपल्या आणि कुणीही तक्रार केली नाही.

3 डिसेंबरला रायपूरची वनडे, ऋतुराजचं पहिलं वनडे शतक म्हणून टेबलाला मसाला पापड फुकट, पण 358 करून पण हरलो. आता दोन नवे बॉल 34 ओव्हरपर्यंतच, मग त्यातला एकच दोन्ही टोकांनी वापरायचा, म्हणे बोलर्सना मदत. थुंकी लावायला 2020 पासून बंदी, वर दव पडून बॉल साबणासारखा, जुना बॉल उलटा वळतो तो रिव्हर्स स्विंग कुठून होणार डोंबल? नियम तरी मला आवडलाय, फक्त डिसेंबरच्या रात्री त्याचा उपयोग नाही. काकांचं मत वेगळं, त्यांना सगळ्या मॅचेस वीस ओव्हरच्या हव्यात, टेबलं लवकर रिकामी होतात म्हणून.

बाकी पार्किंग नाही, गल्लीत लावा. हाफ हंडी तिघांना पुरते, सोलकढी पातळ असते. पाकिस्तानच्या मॅचला 1 स्टार, इतर दिवशी 4. आणि कोपऱ्यातलं टेबल देत असतील तर घेऊ नका, आंब्याची फांदी बरोबर स्कोअरवर येते.